अकरा जहाजं, बिनशिडाची

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, तांत्रिक शाळेतला सुतारकामाचा निवृत्त शिक्षक, सगळे मला मास्तर म्हणतात, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. उजवा हात शाबूत नाही, तो कापतो, म्हणून अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालंय. पण हात वेगळा आणि डोकं वेगळं, हे वकिलांनी मान्य केलं आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणलं असतं तर बरं झालं असतं, काही गोष्टी बावीस वर्षांपूर्वीच बोलून मोकळा झालो असतो. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

वकील म्हणाले, "मास्तर, दोन पानांत आटपा. घर, बँक, सही." मी म्हटलं, "साहेब, चौतीस वर्षं मी लाकडाची जहाजं केली. एकेका जहाजाला दोन-दोन वर्षं गेली. दोन पानांत माझं सुकाणूसुद्धा बसायचं नाही." त्यांनी हात जोडले. म्हणून घरीच लिहितो आहे, रोज थोडं थोडं, मागच्या खोलीतल्या कामाच्या टेबलावर.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची कामाची खोली, माझ्या मुलीला. एकुलती एक आहे, भांडायला कोणी नाही, तरी लिहिलेलं बरं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनंच करावी. जावयांनी मागच्या खोलीत गाडीचे टायर ठेवू नयेत. मागच्या खेपेला त्यांनी त्या खोलीकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती टायर ठेवणाऱ्याची नजर होती. खिडकीचं खालचं दार ओल धरतं आणि अडकतं, त्याला गुडघा द्यावा लागतो. हे घरात फक्त मला माहीत होतं, आता मुलीलाही झालं.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते मुलीचं. दागिने तिच्या आईनं जाण्याआधीच तिला दिले आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. या कागदात पुढे जिथे जिथे 'ही' आणि 'हिनं' असं येईल तिथे माझी बायको समजावी. नाव घ्यायची मला सवय नाही.

कलम ३. हत्यारं. छोटे रंधे चार, पटाशा एकोणीस, कानशी, बारीक करवती, पकडी आणि फळ्या वाफेवर वाकवायची नळी, हे सगळं माझ्या जुन्या शाळेच्या कार्यशाळेला. अट एकच. पटाशीनं कोणी रंगाचा डबा उघडताना दिसला, तर मुलीनं सगळा संच परत मागावा.

पितळी कर्कटक या यादीत नाही. दोन टोकांचा, नकाशावर अंतर मोजतात तसला, माझ्या वडिलांचा. तो कुठे आहे हे डॉक्टरांना विचारावं. डॉक्टर म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, दातांचे डॉक्टर. तेही जहाजं करतात. दोन साडू आणि एकच हौस, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. कर्कटक हरवला त्या आठवड्यात ते दोनदा येऊन गेले होते. तोंडावर मी त्यांना कधी चोर म्हटलं नाही. त्यांच्या देखत एवढंच म्हणायचो, "काही घरांत वस्तू आपोआप चालत जातात." ते हसायचे. हसणाऱ्याचा मला जास्त संशय येतो.

कलम ४. जहाजं. एकूण चौदा. पहिल्या तिन्हींना शिडं आहेत. पुढच्या अकरांना नाहीत, नुसत्या डोलकाठ्या, आडव्या काठ्या आणि दोर. चौदाच्या चौदा जहाजं वाचनालयाला द्यावीत, काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी. अट: त्या दालनात डॉक्टरांनी केलेलं एकही जहाज ठेवू नये. शेजारच्या दालनातही नको. जिन्याखाली चालेल.

(समासात: हे कलम पुढे रद्द केलं आहे. वकील म्हणाले, कागद नव्यानं लिहा. नाही लिहिणार. माणूस कुठून कुठे आला ते दिसू दे.)

कलम ५. कारण. मृत्युपत्रात कारण द्यावं लागत नाही म्हणे. पण माझ्याकडे ते आहे आणि मी ते जपून ठेवलंय.

डॉक्टर मूळचे या वाटेचे नव्हेत. एका सुट्टीच्या दिवशी जेवायला आले, मागच्या खोलीत डोकावले आणि म्हणाले, "मास्तर, काय हो हे! मला शिकवा की." मीच शिकवलं. सांगाड्यावर फळी कशी चढवायची, वाफ किती द्यायची, दोराला मेण कसं लावायचं. बोट दिलं तर हात धरला. तिसऱ्या वर्षी त्यांच्या गाठी माझ्यापेक्षा बारीक यायला लागल्या. येणारच! दिवसभर लोकांच्या जबड्यात आरसा घालून काम करणारा माणूस. त्यांचे चिमटे बघा, त्यांचे आकडे बघा, तो भिंग लावलेला दिवा बघा. मी चाळीस पोरांच्या वर्गात हातोडे सांभाळत आयुष्य काढलं. आणि वर त्यांचा तो नम्रपणा! "मास्तर, आपली नुसती हौस हो. तुमच्यासारखं कुठे जमतंय?" हे वाक्य कानावर पडलं की माझ्या पोटात आग पडायची. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पण माझ्याकडे एक गोष्ट होती जी त्यांच्याकडे नव्हती. शिडं. माझी शिडं ही शिवायची. जुनी मलमल चहाच्या पाण्यात बुडवून पिवळट करायची आणि काठाला असे टाके घालायची की मोजायला भिंग लागावं. शिडाच्या कोपऱ्यात दोर ओवायला कडी लागते. एवढी बारीक कडी बाजारात मिळत नाही. दुसऱ्या जहाजाच्या वेळी याच टेबलाशी बसून, तीन शिडं वाया घालवून, हिनं दोऱ्याचीच कडी करायची युक्ती काढली. मोहरीएवढी कडी, पण ओढली तर दोर तुटेल, कडी उसवायची नाही. ही डावखुरी. तिचे टाके उलट्या बाजूला, डावीकडे कलायचे. माणसाचं अक्षर ओळखावं तसा मी तो टाका ओळखतो.

बावीस वर्षांपूर्वी वाचनालयात प्रदर्शन भरलं. माझं तिसरं जहाज, डॉक्टरांचं दुसरं. पहिलं बक्षीस त्यांना, दुसरं मला. परीक्षकांनी मुद्दाम सांगितलं की शिडांचं काम अप्रतिम आहे. डॉक्टर माईकवर म्हणाले, "शिडांचं श्रेय आमच्या मंडळींना. दोन महिने तिनं मान वर केली नाही." टाळ्या पडल्या. मेव्हणी लाजली. मी टाळ्या वाजवत वाजवत त्यांच्या जहाजापाशी गेलो आणि खिशातलं भिंग काढलं. डावीकडे कललेले टाके. कोपऱ्यात मोहरीएवढी कडी.

एकाच आईच्या लेकी त्या, शिवण सारखीच असणार, असं कोणी म्हणेल. नाही. मेव्हणी उजव्या हाताची आहे. आणि ती कडी जगात एकाच बाईला येत होती. ती बाई माझ्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मी काही बोललो नाही. घरी येऊन म्हटलं, डोकं दुखतंय. ही दर मंगळवारी आणि शुक्रवारी बहिणीकडे जायची, ते कशाला, हे आता मला कळलं होतं. माझ्या टेबलावर जन्मलेली युक्ती माझ्याच साडूच्या घरी जाऊन बक्षीस मिळवते! वाईटसाईट विचारही मनात आले. तेही लिहितो, कारण बुद्धी शाबूत असल्याचं मी वर लिहून दिलंय आणि तेव्हा ती शाबूत नव्हती. जवळजवळ वर्षभर मी हिच्याशी कामापुरतं बोललो. चौथ्या जहाजाच्या डोलकाठ्या उभ्या राहिल्या तेव्हा ही मलमल घेऊन आली. म्हणाली, "मापं देता ना?"

मी म्हटलं, "या खेपेला शिडं नकोत. जहाज बंदरात उभं आहे. बंदरात शिडं उतरवून ठेवतात."

तिनं मलमलीची घडी नीट केली. "बरं," म्हणाली आणि मलमल घेऊन परत गेली. त्यापुढची सगळी जहाजं मी बंदरातच उभी केली. अकरा जहाजं, एकही सुटलं नाही. लोक म्हणायचे, ही मास्तरांची खास पद्धत आहे, दोरकाम कसं स्वच्छ दिसतं. मीही तेच सांगायचो.

कलम ६. साक्षीदार. वकील म्हणाले, "ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका, त्याचं मिळणं बाद होईल." हे ऐकल्याबरोबर मी पहिला साक्षीदार म्हणून डॉक्टरांचं नाव पेन्सिलीनं लिहून टाकलं. पुढेमागे माझं मन पाघळलंच, तर कायदा तरी पाघळायला नको.

कलम ७. शिवणयंत्र. इथून शाई वेगळी दिसेल, कारण मध्ये तीन दिवस मी पेन उचललं नाही.

सोमवारी मिळकतीची यादी करायला हिचं शिवणयंत्र उघडलं. ते मुलीला द्यायचं, त्याआधी खण रिकामे करावेत एवढाच विचार. उजव्या खणात बॉबिनं, खडू, बटणं. डावा खण अडकला. जोर लावला तर खणच सगळा हातात आला, आणि त्याच्या मागच्या पोकळीत बिस्किटांचा चपटा पत्र्याचा डबा. उघडला. सगळ्यात वर माझा पितळी कर्कटक. मी तिथेच जमिनीवर बसलो.

कर्कटकाखाली शिडं होती. कागदाच्या पुड्यांत, एकेका जहाजाची वेगळी, चहाच्या रंगाची, कोपऱ्यात मोहरीएवढ्या कड्या. प्रत्येक पुडीवर हिच्या अक्षरात चिठ्ठी. मी माझ्या जहाजांना नावं दिली होती, मागच्या फळीवर कोरलीसुद्धा होती. हिनं ती वापरली नव्हती, तिची स्वतःची नावं होती. 'काळं.' 'लांबुडकं.' 'पाहुण्यांसमोर पडलं ते.' 'मुलीच्या लग्नाच्या वर्षीचं.' सगळ्यात खालच्या, सगळ्यात जुन्या पुडीवर लिहिलं होतं, 'अबोल्याचं.'

जहाजांवरची धूळ काढायचं काम मी हिच्यावर सोडलं होतं. शनिवारी मी बाजारात गेलो की ती मऊ ब्रश घेऊन बसायची. तेव्हाच माझ्या कर्कटकानं मापं घेत असणार. मी एक शीड काळ्या जहाजाच्या काठीशी धरून पाहिलं. केसाचाही फरक नाही. दहा पुड्या पूर्ण होत्या. अकरावीत एकच शीड, अर्धं शिवलेलं, सुई तशीच टोचलेली. सुईभोवती गंजाचा डाग पडलाय.

मी ज्याला चोर समजत आलो त्यानं काही नेलं नव्हतं. नेलं होतं हिनं, माझ्याच घरात, माझ्याच जहाजांसाठी.

'अबोल्याचं' ही पुडी घेऊन मी टेबलाशी बसलो. म्हटलं, निदान एक शीड चढवू. हात कापतो. दोराचं टोक कडीत जाईना. चिमट्यानं जाईना, सुईनं जाईना. तिसऱ्या प्रयत्नात वरची आडवी काठीच मोडली. मग मी शिडं परत पुडीत ठेवली आणि म्हातारा माणूस रडतो तसा रडलो. कोणी पाहिलं नाही.

कलम ८. मेव्हणीचं म्हणणं. मंगळवारी दुपारी, डॉक्टर दवाखान्यात असताना, डबा घेऊन मेव्हणीकडे गेलो.

"भावोजी! आज वाट चुकलात की काय?"

मी एक शीड तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "तुमच्या घरच्या बक्षिसाच्या जहाजावरचं शीड बघू. शेजारी धरून बघू." ती जागची हलली नाही. मग खुर्चीवर बसली.

"ताईनं सांगितलं तुम्हाला?"

"तुझी ताई सांगणारी होती का?"

"मला नाही हो तसं शिवता येत," ती म्हणाली. "लहानपणापासून सगळे ताईचंच नाव काढायचे. आई म्हणायची, हिचा हात बघ आणि तुझा बघ. लग्न झालं, तर इकडे आमचे हे. 'मास्तरांच्या मिसेस काय शिवतात!' चहा पिताना तेच, जेवताना तेच. मला इतका राग यायचा ताईचा, काय सांगू. एक दिवस बोलून बसले, मीपण शिवीन, त्यात काय मोठंसं! महिनाभर धडपडले. मांजरानं ओरबाडल्यासारखी शिडं झाली. मग गेले ताईकडे. म्हटलं, एकदाच, अगं एकदाच माझं नाव होऊ दे."

"आणि ती तयार झाली."

"हसली. म्हणाली, नावाचं काय गं, घे तुला. फक्त यांना कळू देऊ नकोस, जळून खाक होतील."

"झालोच की," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी. तिथेच, भिंगातून."

"आणि ताईला विचारलं नाहीत? एवढी वर्षं?" पोरानं चुकीच्या मापानं फळी कापली की मी जसा बघायचो, तशी ती माझ्याकडे बघायला लागली. "ती बिचारी मला म्हणायची, यांना माझं काम आवडेनासं झालंय बहुतेक. तरी शिवून ठेवते म्हणायची. कधी मागितलंच तर हाताशी असावं."

हे वाक्य मी इथे लिहून ठेवतो. यापुढे त्याविषयी मला कोणी काही विचारू नये.

कलम ९. कलम ४ याद्वारे रद्द. कलम ३ मधली कर्कटकाची तक्रार मागे घेतो. कर्कटक सापडला आहे आणि तो डॉक्टरांना द्यावा. होय, डॉक्टरांना.

माझी शिडाची तीन जहाजं वाचनालयाला. पाटीवर शिडं शिवणारीचं नाव आधी, माझं नंतर. डॉक्टरांचं बक्षिसाचं जहाज त्याच कपाटात ठेवायला हरकत नाही. जिन्याखाली नको.

बिनशिडाची अकरा जहाजं आणि पत्र्याचा डबा, हे माझे साडू डॉक्टर यांना, त्यांनी अकराही जहाजांना शिडं चढवावीत म्हणून. मोहरीएवढ्या कडीतून दोर काढणारे हात मला माहीत असलेल्या माणसांत एकाचेच आहेत, आणि हे मी दातओठ खाऊन लिहितो आहे. अटी पुढीलप्रमाणे. माझ्या एकाही जुन्या गाठीला त्यांनी हात लावू नये, सुधारणा म्हणून तर मुळीच नाही. मोडलेली आडवी काठी अक्रोडाच्याच लाकडाची करावी. आणि काम चालू असताना "आपली नुसती हौस हो" हे वाक्य उच्चारू नये, उच्चारल्यास वारसा बाद.

कलम १०. आणखी एक वारसा. हे कलम लिहायला मला दीड दिवस लागला.

डॉक्टर डबा उघडतील. त्यांचे डोळे चांगले आहेत, माझ्याहून चांगले. डावीकडे कललेला टाका ते ओळखतील, कोपऱ्यातली कडी ओळखतील. आणि त्यांना वाटेल, हा तर माझ्या बायकोचा हात! मास्तरांच्या अकरा जहाजांची शिडं माझ्या बायकोनं शिवली, मला न सांगता, इतकी वर्षं! मग ते ज्या आगीत बसतील ती आग मला चांगली ठाऊक आहे. तिथे अजून माझी जागा गरम आहे.

खरं सांगायचं तर शुक्रवारची सगळी दुपार मी हाच विचार करत बसलो, की काही लिहू नये. बसू दे. मी बसलो, आता त्यांनीही बसावं. किती गोड वाटलं म्हणून सांगू! मग मेव्हणीचा चेहरा आठवला. विचारणार तिलाच, किंवा माझ्यासारखं विचारणारच नाहीत. ते जास्त वाईट. म्हणून मेव्हणीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिहा. मला तोंडानं सांगवायचं नाही."

तर डॉक्टर, तुम्ही हे वाचत आहात म्हणजे मी गेलोय आणि मेव्हणी तुमच्या शेजारी बसली आहे. आत्ता लगेच तिच्याकडे बघू नका. तुमच्या बक्षिसाच्या जहाजाची शिडं माझ्या बायकोनं शिवली होती. माझ्या जहाजांचीही तिनंच. तुमच्या बायकोनं एकदा, एकदाच, दुसऱ्याचं नाव उसनं घेतलं, कारण तुम्ही उठता बसता माझ्या बायकोचं कौतुक तिला ऐकवत होता. तुम्हाला राग आला तर माझा अनुभव ऐका. विचारायचं ते त्याच दिवशी विचारून टाकावं.

कलम ११. झेंडा. मनात ठेवून मरू नये म्हणून हेही. तुमच्या त्या बक्षिसाच्या जहाजाचा झेंडा उलटा आहे, डॉक्टर. शिडं पुढे फुगलेली, म्हणजे वारा मागून. मग झेंडाही पुढेच उडायला हवा. तुम्ही तो मागे उडवलाय, मोटारीवर उडतो तसा. हे मी प्रदर्शनातच पाहिलं आणि मुद्दाम बोललो नाही. तुमच्या दिवाणखान्यात बसून चहा पिताना दर वेळी त्या झेंड्याकडे बघायचो आणि मला बरं वाटायचं. तेवढंच एक माझ्या हातात होतं.

कलम १२. अकराव्या जहाजाचं अर्धं शीड, सुईसकट, माझ्या मेव्हणीला. ते तिनं स्वतःच्या हातानं पूर्ण करावं आणि त्या जहाजाची बाकीची शिडंही तिनंच शिवावीत. टाके उजवीकडे कलू देत, वाकडे येऊ देत, मांजरानं ओरबाडल्यासारखी होऊ देत. ती तशीच चढवावीत. पाटीवर तिचं नाव लिहावं. ताईचा हात कुठे संपला आणि मेव्हणीचा कुठे सुरू झाला ते गंजाच्या डागावरून कळेल. डाग धुऊ नये.

कलम १३. काल, शनिवारी, मेव्हणी आली. तिला मी हे सगळं वाचून दाखवलं. कलम १२ ला तिनं पदर डोळ्यांना लावला, मग नाक ओढून म्हणाली, "सगळं बरोबर आहे, भावोजी. पण तुम्ही गेल्यावर शिडं बघणार कोण?"

मी म्हटलं, "मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. कायदाच आहे तसा."

"कायदा गेला उडत. ताईनं शिवून ठेवली, तिनं काही चढलेली बघितली नाहीत. निदान तुम्ही तरी बघाल की नाही?"

"माझ्या टेबलावर डॉक्टर बसलेले मला बघवायचे नाहीत."

"मग डोळे मिटून घ्या," ती म्हणाली. "यांना मी आजच सांगते. जेवण झाल्यावर. होऊन होऊन काय होईल? दवाखान्यात नेऊन माझी दाढ काढतील?"

कलम १० आता गैरलागू आहे, तरी ते तसंच ठेवतो. दीड दिवसाचं काम आहे.

आज रविवार. सकाळी अकरा वाजता दारावर डॉक्टर. हातात चिमट्यांची पेटी, बगलेत भिंगाचा दिवा. डोळे सुजलेले, झोप झालेली नसावी. मागे मेव्हणी. मी दारात, ते उंबऱ्याबाहेर. मग तेच म्हणाले, "मास्तर, झेंड्याचं तरी आधी सांगायचं होतंत हो."

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत."

'अबोल्याचं' टेबलावर घेतलं. काठी डॉक्टरांनी घरून करून आणली होती, अक्रोडाचीच. त्यांनी पहिला दोर पहिल्या कडीतून एका फटक्यात ओवला. माझ्या पोटात आग पडली. मृत्युपत्रात खोटं लिहू नये, म्हणून नोंदवून ठेवतो.

पेन्सिलीनं लिहिलेलं साक्षीदाराचं नाव खोडलं आहे. कागदावर जिथे जिथे खाडाखोड आहे तिथे बाजूला माझी छोटी सही आहे. वर लिहिलेलं सगळं मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं आणि ते मला मान्य आहे.

सही: (मास्तर)
स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ९ मार्च, रविवार, दुपारी चार

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा चष्मेवाला. मास्तरांनी माझ्यासमोर सही केली. सही त्यांचीच आहे, हात कापतो म्हणून वाकडी दिसते. टेबलावरच्या जहाजाला तेव्हा तीन शिडं लागली होती, चौथं लागत होतं.

साक्षीदार दुसरी: वरच्या मजल्यावरची नर्स. मृत्युपत्र करणारे गृहस्थ सही करताना पूर्ण शुद्धीवर होते. नाडी थोडी जलद होती, डोळे ओले होते, आवाज खणखणीत होता. सही करता करता ते तीनदा ओरडले, "डॉक्टर, डावीकडून घ्या! ही डावखुरी होती!" त्यांच्यावर कोणाचंही दडपण मला दिसलं नाही. दडपण होतं ते टेबलाशी बसलेल्या दुसऱ्या गृहस्थांवर, आणि ते निमूटपणे डावीकडून घेत होते.